चष्म्यातला बांध आणि शेतातला बांध

एकच मुलगा, एकच बांध, मग उत्तरं दोन कशी? शाल्मलीला पडलेलं कोडं हे होतं, आणि ते सुटत नव्हतं म्हणून तिचं जेवणातसुद्धा लक्ष नव्हतं.

बाहेरच्या खोलीत खेळाचा चष्मा लावला की तिचा धाकटा भाऊ निहार भातशेतातल्या अरुंद बांधावरून तुरुतुरु चालत जायचा. मध्ये एका ठिकाणी पाणी काढून द्यायला बांध फोडलेला होता. तिथे पोचला की तो लांब ढांग टाकायचा आणि पलीकडे जाऊन दोन्ही हात वर करून आरोळी ठोकायचा. तोच निहार घरामागच्या खऱ्या शेतात, खऱ्या बांधावर, त्याच फटीपाशी आला की खिळल्यासारखा उभा! ना पुढे, ना मागे. समजवा, हसवा, लाडूचं आमिष दाखवा, पाय म्हणून उचलायचा नाही.

निहार आठ वर्षांचा होता आणि त्याला डाऊन सिंड्रोम होता. याचा अर्थ शाल्मलीला तोंडपाठ होता, कारण शाळेत कोणी विचारलं की तिला तो सांगावा लागायचा, आणि सांगायला तिला आवडायचंही. "आपलं शरीर पेशींचं बनलेलं असतं," ती सुरू करायची. "पेशींत गुणसूत्रं (आईबाबांकडून आलेल्या माहितीचे बारीक धागे) असतात. त्यांच्या तेवीस जोड्या. निहारच्या पेशींत एकविसाव्या जोडीच्या जागी तीन धागे आहेत. तो जन्मापासून असाच आहे. हा काही लागणारा रोग नाही, त्यामुळे तुझा डबा त्याच्या डब्याशेजारी ठेवलास तरी चालेल." शेवटचं वाक्य ती जरा ठसक्यात म्हणायची.

त्या जादा धाग्यामुळे निहारचे स्नायू थोडे सैल होते, सांधे जास्त लवचीक होते, आणि तोल सांभाळायला त्याला इतरांपेक्षा जास्त मेहनत पडायची. एरवी घरात त्याचं काहीच अडत नव्हतं. त्याच्या शर्टाची बटणं आई लावायची, बूट बाबा चढवायचे, आणि उरलेलं सगळं शाल्मली करायची. पण यंदा अडलं होतं, आणि त्याला कारण होती घंटा.

कातळखोल गावातल्या गानूंच्या, म्हणजे शाल्मलीच्या, घरी खड्यांच्या गौरी येतात. गौरींच्या दिवशी घरातली एक मुलगी गावाच्या पऱ्यावर जाते, वाहत्या पाण्यातून खडे उचलून ताम्हनात ठेवते आणि घरी आणते. पऱ्या म्हणजे कोकणातला ओढा. जायचं रस्त्याने, पण यायचं शेतातून, बांधावरून, म्हणजे गौरीला पीक बघायला मिळतं. येताना त्या मुलीने तोंडात पाण्याची चूळ धरायची, घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. तिच्यापुढे घरातला एक मुलगा घंटा वाजवत चालतो. गेली काही वर्षं तो मान चुलतभावाचा होता. तो आता शिकायला नागपूरला गेला, त्यामुळे पाळी आली निहारची.

आणि निहारला तो मान हवा होता. किती हवा होता, ते घरातल्यांच्या कानांना विचारा. आषाढ लागल्यापासून तो स्टीलच्या पेल्यावर चमचा बडवत घरभर फिरत होता. खरी घंटा नाना, म्हणजे आजोबा, देवघरातून काढायचे नाहीत. ती फक्त गौरींच्या दिवशी निघायची.

नानांनी नातवाला जवळ घेऊन सांगितलं होतं, "निहार, बांध एकट्याचा असतो रे. तिथे हात धरायला शेजारी जागा नाही. आपला आपण चाललास, तर घंटा तुझी. नाहीतर शेजारच्या मन्याला बोलवू. चालेल?"

"नाही चालेल," निहार म्हणाला होता. "मी."

म्हणून तर आत्याने खेळ केला होता. वैजूआत्या ही बाबांची धाकटी बहीण. ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मुलांच्या हालचाली आणि मेंदू यांच्यावर संशोधन करायची. भाताची लावणी झाल्यावर तिने शेतावर एक छोटं ड्रोन फिरवून बांधाचे चहूबाजूंनी फोटो काढले आणि तोच बांध, ढेकळागवतासकट, चष्म्यात उतरवला. वर त्यात एक बोलका खेकडा सोडला, कुर्लोबा नावाचा. तो पुढे पुढे तिरका चालायचा आणि निहार त्याच्या मागून. पायाखाली फिरती चटई (आपण पुढे चाललो की तेवढीच मागे सरकणारी) होती आणि कमरेला पट्टा, त्यामुळे पडायची भीती नव्हती. निहार रोज थोडा वेळ खेळायचा. डोळे दमायच्या आत आई चष्मा काढून घ्यायची. शाल्मली त्या वेळी त्याच्या शेजारी उभी असायची. तिच्याशिवाय त्याचं पान हलायचं नाही, आणि खरं सांगायचं तर तिचंही.

गौरी जवळ आल्या तसा खऱ्या बांधावर सराव सुरू झाला. शाल्मली ताम्हन घेऊन मुकाट्याने मागे, निहार पेला वाजवत पुढे. आणि मग ते फटीपाशी खिळणं! शेवटी शाल्मलीने आत्याला फोन लावला. "आत्या, तुझा खेळ बिघडलाय."

"बघू तरी," म्हणाली आत्या, आणि दुसऱ्याच दिवशी चालक नसलेल्या बसने येऊन उतरली. बसला उशीर झाला होता, कारण वाटेत एक म्हैस आडवी बसली होती आणि बस तिला अतिशय नम्र आवाजात बाजूला व्हायची विनंती करत राहिली होती.

चहा घेता घेताच शाल्मलीने उत्तर देऊन टाकलं. "त्याला चिखलाची किळस येते."

"असेल," आत्या म्हणाली. "तपासू या. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची हं. दोन बदलल्या, तर कशाने फरक पडला ते कळत नाही."

तिने अंगणात चिखल केला. निहार त्यात नुसता चालला नाही, तर लोळला. मग पाण्याची भीती तपासली. निहारने बादलीतलं निम्मं पाणी आत्यावर उडवलं. मग वाटलं, त्याला फटीची खोली नीट दिसत नसेल. आत्याने अंगणात तेवढ्याच रुंदीचा चर खणला आणि निहारला त्याची खोली हाताने दाखवायला सांगितली. त्याने बरोबर दाखवली. आत्या मात्र प्रत्येक वेळी खूश होत होती, जणू लॉटरीच लागली.

"सगळी उत्तरं चुकतायत आणि तू हसतेस काय गं?" शाल्मली वैतागली.

"चुकलेलं उत्तर म्हणजे बंद झालेली वाट. आता शोधायला कमी वाटा उरल्या. बरं, आता चष्मा लावू या. आणि तू जरा परसातून नारळ घेऊन ये. सावकाश ये."

शाल्मली नारळ घेऊन आली तेव्हा खोलीत अगदी शांत होतं. निहार चष्मा लावून चटईवर उभा होता. भिंतीवरच्या पडद्यावर चष्म्यातलं दृश्य दिसत होतं: बांध, फट, आणि पलीकडे नांग्या नाचवून दमलेला कुर्लोबा. निहारचा पाय जमिनीला चिकटलेला. खेळातसुद्धा! जिथे तो रोज हसत उडी मारल्यासारखा जायचा तिथे!

"अरे, काय झालं तुला? आता!" शाल्मलीच्या तोंडून निघालं.

निहारने ढांग टाकली. पलीकडे पोचला. दोन्ही हात वर, आरोळी.

आत्याने पडद्यावर दोन रेघा आणल्या. "ही खालची रेघ चपलांची. त्यांच्या तळव्यांत सेन्सर (दाब किंवा हालचाल ओळखणारे बारीक यंत्र) आहेत. पाय उचलला की ही रेघ खाली येते. वरची रेघ खोलीतल्या आवाजाची. हे बघ मागच्या आठवड्यातले सगळे खेळ."

शाल्मलीने बघितलं. प्रत्येक वेळी आधी वरच्या रेघेला एक टोक आलेलं होतं आणि लगेच त्याच्या मागोमाग खालची रेघ घसरलेली होती. आधी आवाज, मग पाय. कुठेही चुकलेलं नव्हतं.

"ते टोक म्हणजे तू," आत्या म्हणाली. "तुझं 'आता'."

"मी असं म्हणते?" शाल्मलीला खरंच माहीत नव्हतं. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बांधावरच्या सरावात ती गौरीचा नियम पाळून तोंड मिटून चालत होती. तिथे 'आता' नव्हतं, म्हणून ढांगही नव्हती. कोडं सुटलं होतं, पण सुटल्याचा आनंद काही होईना. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे माझ्यामुळे त्याची घंटा जाणार?"

आत्याने तिला जवळ बसवून घेतलं. "तुझ्यामुळे तो इथवर आला, हे आधी ऐक. आणि मग मेंदूचं ऐक. घरामागच्या गवतातून रोज त्याच जागेवरून गेलं की काय होतं?"

"पायवाट पडते."

"मेंदूत तसंच होतं. एखादी हालचाल पुन्हा पुन्हा केली की मेंदूतल्या पेशींमधल्या त्या जोडण्या पक्क्या होतात. याला मेंदूची लवचिकता (सरावाने स्वतःची घडण बदलण्याचा गुण) म्हणतात. ती तुझ्या मेंदूत आहे, माझ्या आहे, निहारच्याही आहे. त्याला पायवाट पडायला जास्त फेऱ्या लागतात, एवढंच. म्हणून तर खेळ. खऱ्या बांधावर चारदा पडला की मूल कंटाळतं. चष्म्यात कितीही वेळा पडा, कुर्लोबा हसतो आणि पुन्हा बोलावतो."

"पण चष्म्यातलं खोटं असतं. मग मेंदू शिकतो कसा?"

"डावा डोळा मिटून स्वतःचं बोट बघ. आता उजवा मिटून बघ. सरकलं ना बोट? आपले दोन डोळे दोन किंचित वेगळी चित्रं बघतात आणि मेंदू ती जुळवून खोली ठरवतो. चष्मा दोन डोळ्यांना तशीच दोन वेगळी चित्रं दाखवतो आणि मान वळली की चित्रही वळवतो. मेंदू म्हणतो, मी इथेच आहे! हीच व्हर्च्युअल रिअॅलिटी (आभासी वास्तव). दृश्य खोटं, पण तोल सावरायला स्नायू जी धडपड करतात ती शंभर टक्के खरी."

"मग चुकलं कुठे?"

"पायवाट पडली, पण भलत्या ठिकाणाहून. डोळ्यांनी फट बघायची, तळव्यांनी जमीन चाचपायची आणि पाय टाकायचा, अशी वाट हवी होती. आपण पाडली ती कानापासून पायापर्यंत. शालूचा आवाज आला की पाय उचलायचा. यात माझीही चूक आहेच. मी पायावर सेन्सर बसवले, पण ताईच्या तोंडावर बसवायला विसरले."

शाल्मली रडता रडता हसली.

उपाय आत्याने तिथल्या तिथेच सांगितला. ऐकलेला शब्द निहारच्या लक्षात कमी राहायचा, पण बघितलेलं पक्कं राहायचं. डाऊन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांचं असं असतं. म्हणून 'आता'च्या जागी चित्र आलं: फटीपाशी पोचलं की कुर्लोबा एक नांगी वर करायचा. ते जमल्यावर आत्या कुर्लोबाला रोज थोडा पुसट करणार होती आणि शेवटी नाहीसा करणार होती. भिंत बांधून झाली की परांची उतरवतात, तसा आधार हळूहळू काढून घ्यायचा.

"आणि तू," आत्या शाल्मलीला म्हणाली, "काहीही करायचं नाहीस. हे सगळ्यांत अवघड काम आहे. निहारला विचार करायला वेळ लागतो. आपल्याला वाटतं तो थांबला, पण तो आत काम करत असतो. आपण मध्ये बोललो की त्याचं काम अर्धवट राहतं."

शाल्मलीला गप्प राहणं जमेना. पहिल्याच दिवशी 'आ' तोंडातून निघालंच. मग तिनेच युक्ती काढली: निहार खेळत असताना आत्तापासूनच चूळ धरायची. सरावाचा सराव आणि तोंडाला कुलूप. ही युक्ती छान चालली. पण एकदा कुर्लोबा घसरून उताणा पडला, निहार खदखदून हसला, शाल्मलीलाही हसू फुटलं आणि ती सगळी चूळ आत्याच्या लॅपटॉपवर गेली. लॅपटॉप एक दिवस तांदळाच्या डब्यात राहिला आणि वाचला.

सकाळी चष्म्यातला बांध, संध्याकाळी शेतातला. नुसता चष्मा पुरणार नाही, असं आत्या बजावून सांगायची. चष्म्यातला चिखल घसरत नाही आणि शेतातला घसरतो. निहार दोनदा खाचरात पडला, कंबरेपर्यंत माखला, आणि आईने ओरडायच्या आत स्वतःच "परत!" म्हणून बांधावर चढला. कुर्लोबा पुसट होत गेला. एका सकाळी तो नव्हताच. निहार फटीपाशी थांबला, खूप वेळ थांबला. शाल्मलीने चूळ गालांत घट्ट धरून ठेवली. आणि मग त्याचा पाय उचलला गेला.

त्या संध्याकाळी आत्या शाल्मलीला म्हणाली, "आमच्याकडे एक मुलगी आहे, तिला बसची पायरी चढायचीय. एका मुलाला आजीला स्वतः चहा करून द्यायचाय. आम्ही आजवर सगळ्यांना एकच खेळ देत होतो. आता प्रत्येकाला त्याचा त्याचा बांध देणार. आणि घरच्या माणसांसाठी गप्प राहायचा खेळही करावा म्हणते."

गौरी आल्या त्या दिवशी ऊन पडलं होतं. शाल्मली परकर-पोलकं घालून पऱ्यावर गेली, खडे उचलून ताम्हनात ठेवले, चूळ भरली. नानांनी देवघरातली घंटा निहारच्या हातात दिली. घंटा पितळेची, चांगली वजनदार. निहारचा उजवा हात एकदम खाली गेला.

शाल्मलीच्या लक्षात आलं. ढांग टाकताना निहार नेहमी उजवा हात बाजूला पसरून तोल धरायचा! चष्म्यात हात मोकळा असायचा. शेतात पेला आणि चमचा असायचा, त्याला काय वजन! तिने आत्याकडे बघितलं. आत्याचा चेहरा सांगत होता की घंटेच्या वजनाचा विचार तिनेही केला नव्हता.

मिरवणूक बांधावर आली. घंटा वाजत होती. पुढे निहार, मागे शाल्मली, तिच्या मागे नाना, आत्या आणि चुलतभावाची आई, काकू. फट आली. घंटा थांबली.

निहारने फटीकडे बघितलं. उजवा हात पसरायला गेला तर घंटेने तो खाली ओढला आणि तो झुकला. कसाबसा सावरला. पुन्हा उभा राहिला. शाल्मलीच्या तोंडात पाणी होतं आणि पाण्याच्या मागे सगळे शब्द दाटीवाटीने उभे होते. हात धर, मागे ये, थांब, मी करते. मागून काकूंचा आवाज आला, "अगो बाई, पडेल तो, कोणीतरी—" आणि नानांचा, अगदी हळू, "थांबा. तो बघतोय."

शाल्मली बघत राहिली. तो काम करतोय, ती मनात म्हणाली. आत काम चाललंय. भाताची पाती हलत होती.

निहारने घंटा उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आत्याच्या खेळात हे नव्हतं, कुर्लोबाला तर दोन्ही नांग्यांत फरकच कळत नव्हता. त्याने घंटा छातीशी घट्ट धरली, मोकळा झालेला उजवा हात लांब पसरला, आणि ढांग टाकली.

पाय पलीकडच्या कडेवर पडला, थोडा घसरला, घोट्यापर्यंत चिखलात गेला, आणि टिकला. घंटा वाजू लागली. निहारने मागे वळून बघितलं नाही. एरवी तो प्रत्येक गोष्टीनंतर ताईकडे बघायचा. आज ताईलाच लगबगीने फट ओलांडून त्याला गाठावं लागलं, आणि ती चालताना रडत होती. रडायला नियमात बंदी नव्हती.

दारात आई दूध-पाण्याचा तांब्या आणि हळदकुंकू घेऊन उभी होती. गौर आणणाऱ्या मुलीच्या पायांवर दूध-पाणी घालायचं आणि विचारायचं, अशी रीत. मुलीच्या तोंडात चूळ असते, म्हणून उत्तर देतो घंटेवाला. 'सोन्यामोत्यांच्या पावलांनी' हे ते ठरलेलं उत्तर. नानांनी ते निहारला सकाळीच सांगून ठेवलं होतं.

"गौर आली, गौर आली," आई म्हणाली. "कशाच्या पावलांनी आली?"

निहारने घंटा थांबवली. त्याने खाली, चिखलाने माखलेल्या आपल्या दोन पायांकडे बघितलं. मग नीट विचार करून, एकेक शब्द सुटा करत, त्याने सांगितलं,

"माझ्या. माझ्या पावलांनी."

काकू त्याची चूक दुरुस्त करायला पुढे झाल्या, पण नानांनी त्यांना हातानेच थांबवलं. आईने एकदा शाल्मलीकडे बघितलं. शाल्मलीने भरल्या गालांनी जोरजोरात मान हलवली. मग आई खाली वाकली, आणि तिने दूध-पाण्याची पहिली धार निहारच्या पायांवर धरली.